लेसरने केस काढावेत का? : रुग्णेचा प्रश्न आणि वैद्याची जबाबदारी

लग्नसराई जवळ आली की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. मुख्य तक्रार म्हणून तो क्वचितच मांडला जातो. रुग्णा आम्लपित्ताविषयी किंवा अनियमित पाळीविषयी सांगते, नाडी पाहून होते, पुड्या बांधून होतात, आणि उठता उठता ओढणी हनुवटीवर सरकवीत ती विचारते, "डॉक्टर, लेसर करून घेऊ का?"

गेल्या मार्गशीर्षात अशीच एक चोवीस वर्षांची मुलगी आईसह आली होती. साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात. शहरातील एका सौंदर्योपचार केंद्राने तिला सहा बैठकींचे 'फुल बॉडी' पॅकेज सुचविले होते. पैसे हप्त्याने देण्याची सोय होती, आणि केस कायमचे जातील असे तोंडी आश्वासनही मिळाले होते. आईला एवढेच विचारायचे होते, "डॉक्टर, लग्नाच्या आधी सगळं आटपेल ना? आणि काही अपाय तर नाही ना?"

त्या दिवशी आम्ही होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. याच प्रश्नाला आम्ही पूर्वी एकदा फार चटकन उत्तर दिले होते आणि ते चुकले होते. ती हकिगत प्रथम सांगतो, कारण प्रस्तुत लेखाचे निमित्त तीच आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एक शिक्षिका आमच्याकडे उपचार घेत होत्या. पाळी तीन-तीन महिने लांबलेली, वजन वाढलेले, हनुवटीवर व गळ्यावर राठ केस. सोनोग्राफीत बीजग्रंथींचा विकार स्पष्ट होता. त्यांनी लेसरविषयी विचारताच आम्ही, थोड्या तोऱ्यातच, म्हणालो की यंत्राने केस जाळण्यापेक्षा आपण मुळावर घाव घालू. त्यानंतर कांचनार गुग्गुळ, शतपुष्पा, योग्य काळी बस्ती, आहार आणि चालणे असा क्रम आठ महिने चालला. पाळी नियमित झाली, वजन सहा किलोंनी उतरले. आम्ही इतके संतुष्ट झालो की हे प्रकरण परिसंवादात मांडण्याची टिपणेही काढली. त्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या. दोन वर्षांनी सासूबाईंच्या गुडघेदुखीसाठी त्या सोबत आल्या, तेव्हा हनुवटीखालचा भाग काळवंडलेला व खडबडीत झालेला दिसला. रोज पहाटे, घरातील कोणी उठण्यापूर्वी, त्या चिमट्याने केस उपटीत असत. आम्ही विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या औषधाने पाळी आली, पण आरसा तोच राहिला. म्हणून औषध सोडलं." पाळी पुन्हा चार-चार महिने लांबू लागली होती. लेसर का केले नाही असे विचारल्यावर उत्तर आले, "तुम्हीच नको म्हणाला होतात."

आम्ही त्यांना जे औषध दिले ते चुकीचे नव्हते. चुकले ते हे, की एका प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या प्रश्नाला दिले.

केस का येतात हा एक प्रश्न आहे, आणि आलेले केस कसे जावेत हा निराळा. हनुवटी, ओठावरची कड, छाती व बेंबीखालची रेषा या ठिकाणची लव पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने जाड, काळ्या केसांत बदलते. हा बदल एकदा झाला की संप्रेरकांचे प्रमाण खाली आणले तरी केस वाढण्याचा वेग मंदावतो, जाडी काहीशी कमी होते आणि नवे राठ केस येणे थांबते. परंतु राठ झालेल्या केसांची पुन्हा पूर्ण लव होणे विरळा. शिवाय प्रत्येक केसाला स्वतःचे आयुर्मान असते. त्यामुळे अंतर्गत चिकित्सेचा परिणाम चेहऱ्यावर दिसण्यास किमान सहा महिने लागतात, मग ती चिकित्सा कोणत्याही पॅथीची असो. दूध उतू जाऊ लागले की चुलीतली लाकडे ओढावी लागतात हे खरे. पण लाकडे ओढल्याने ओट्यावर सांडलेले दूध पुसले जात नाही. उलट, जो नुसता ओटा पुसत बसतो त्याचीही सुटका नाही. लेसर हे पुसण्याचे काम करते, आणि आपली चिकित्सा लाकडे ओढण्याचे. दोघांना परस्परांचे प्रतिस्पर्धी करून ठेवण्यात रुग्णेचे दुहेरी नुकसान होते, हे त्या शिक्षिकेने आम्हाला शिकविले.

ग्रंथांत काय आहे

'आपल्या ग्रंथांत केस कायमचे घालविण्याचे उपाय आहेत' असे काही वैद्यबंधू ठासून सांगतात, म्हणून थोडे मूळाकडे पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगितले आहेत. त्यांत अतिलोमा आहे आणि अलोमाही आहे. मात्र चिकित्सेचा विस्तार आचार्यांनी केला तो फक्त अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा. आम्ही याचा अर्थ असा घेतो की, अंगावर केस अधिक असणे लोकांच्या नजरेत खुपत असले तरी दर वेळी तो व्याधी नसतो. सुश्रुताचार्यांनी व्रणाच्या साठ उपक्रमांत लोमापहरण सांगितले आहे. तेथील हेतू सौंदर्याचा नाही. केसांनी वेढलेला व्रण नीट भरून येत नाही, म्हणून वस्तरा, कात्री व चिमटा यांनी केस काढावेत असा तो विषय आहे, आणि त्याच्याच जोडीने लेप सांगितले आहेत. क्षार आणि हरताळ यांचा लेप घेतला तर, क्षार व गंधकयुक्त द्रव्य यांच्या संयोगाने केसातील केराटिन सैल होऊन केस गळतो. आज बाजारात मिळणारी केस काढण्याची क्रीम रासायनिकदृष्ट्या फार निराळे काही करीत नाहीत. या सर्व उपायांत केसाचा दांडा जातो, मूळ शाबूत राहते. केस उपटल्यानंतर कुसुंभतैलाचा अभ्यंग करावा असाही उल्लेख आढळतो. तेवढ्या आधारावर 'केस कायमचे बंद करणारे तेल' अशी चिठ्ठी बाटलीवर चिकटविणे आम्हाला पटत नाही. हरताळ व भल्लातक ही दोन्ही द्रव्ये औषध नियमांतील शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. चेहऱ्याच्या नाजूक त्वचेवर हौसेखातर लावण्याच्या त्या वस्तू नव्हेत.

प्रथम रोग, मग केस

लेसरचा सल्ला मागणाऱ्या प्रत्येक रुग्णेला आम्ही आता काही गोष्टी विचारतो. पाळी कशी आहे, केस कधीपासून आहेत, किती वेगाने वाढले, वजन वाढले का, मुरुमे किंवा टाळूवरचे केस विरळ होणे आहे का, आई-मावशी-आत्या यांची ठेवण कशी आहे. फेरीमन आणि गॅल्वे या दोघांनी १९६१ मध्ये मांडलेली गुणपद्धती यासाठी उपयोगी पडते. तिच्या आजच्या रूपात शरीराचे नऊ भाग पाहून प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे असतात. बेरीज साधारण आठ किंवा अधिक आल्यास अतिलोमता धरली जाते. हातापायांवरची साधी लव यात मोजली जात नाही, हे आयांना समजावून सांगावे लागते.

पाळी अनियमित असेल तर बीजग्रंथींची सोनोग्राफी, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर या तपासण्या करून घ्याव्यात. अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष सौम्य स्वरूपात असू शकतो. त्यासाठी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची तपासणी करतात. ज्या रुग्णेचे केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाकडचे केस मागे हटले, तिला एक दिवसही न दवडता अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. टेस्टोस्टेरॉन दोनशे नॅनोग्राम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेले असेल तर बीजग्रंथी अथवा अधिवृक्क ग्रंथीत अर्बुद नाही ना, हे पाहावेच लागते. अशी रुग्णा एखाद्या केंद्रात जाऊन सहा बैठकी उरकते आणि पाळीविषयी तिला कोणीही विचारत नाही, हा या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका आम्हाला वाटतो. भाजल्याच्या फोडापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

औषधांमुळे येणारे केसही असतात. डॅनाझॉल, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल यांची चौकशी करावी. आणि एक द्रव्य असे आहे की ज्याची चौकशी करताना आपल्याच व्यवसायाकडे बोट दाखवावे लागते : स्टेरॉइड. त्याविषयी पुढे लिहितो.

लेसर नेमके काय करते

१९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक सिद्धांत मांडला. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळासाठी सोडला तर तो ज्या रंगद्रव्यात शोषला जातो तेवढाच भाग तापतो आणि आसपासचा भाग वाचतो. केसाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसातील मेलॅनिन प्रकाश शोषते, उष्णता मुळापर्यंत उतरते आणि केस पुन्हा निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे तंत्र केस काढण्यासाठी वापरात आले.

या एका वाक्यातूनच लेसरच्या बहुतेक मर्यादा निघतात. पांढरा, सोनेरी वा तांबूस केस मेलॅनिनअभावी लेसरला दाद देत नाही. बारीक लवही फारशी देत नाही. केस वाढीच्या अवस्थेत मुळाशी घट्ट जोडलेला असतानाच लेसर लागू पडते. सर्व केस एकाच वेळी या अवस्थेत नसतात, म्हणून एका बैठकीत काम होत नाही. चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या आणि अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठकी लागतात. संप्रेरकांचा दोष असेल तर अधिक. त्यानंतरही वर्षातून एखाददुसरी बैठक घ्यावी लागते. लेसर करावयाच्या आधी महिनाभर उपटणे, वॅक्सिंग व थ्रेडिंग बंद ठेवावे लागते, कारण मूळच नसेल तर प्रकाश शोषणार कोण? वस्तऱ्याने काढलेले चालते. 'वस्तरा फिरविला की केस दाट येतात' ही समजूत निराधार आहे, आणि ती दूर करणे हे आपलेच काम आहे.

'कायमचे' या शब्दाविषयी सावध राहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसर यंत्रांना मान्यता दिली ती 'केसांच्या संख्येत कायमस्वरूपी घट' या शब्दांत. त्याचा अर्थ, उपचारानंतर पुन्हा येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे. केस पूर्णपणे व कायमचे जाणे असा त्याचा अर्थ नाही. तसा दावा विजेच्या सुईने एकेक केस जाळण्याच्या पद्धतीला, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसला, लागू होतो. मोजकेच केस असतील किंवा ते पांढरे असतील तर ती पद्धत आजही उपयोगी आहे, पण वेळ फार खाते.

आपली त्वचा

मेलॅनिन केवळ केसात नसते, त्वचेतही असते. गव्हाळ व सावळ्या त्वचेत ते अधिक, म्हणून प्रकाश वाटेतच अडतो आणि त्वचा भाजते. त्वचाप्रकारांचे वर्गीकरण फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडले व पुढे ते सहा प्रकारांपर्यंत विस्तारले. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण चौथ्या व पाचव्या प्रकारात बसतात. येथे यंत्राची निवड महत्त्वाची ठरते. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेसर गोऱ्या त्वचेला उत्तम, सावळ्या त्वचेला जोखमीचे. ८०० ते ८१० नॅनोमीटरचे डायोड लेसर काळजीपूर्वक वापरल्यास चालते. १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेसर त्वचेतील मेलॅनिनमध्ये सर्वांत कमी शोषले जाते व खोल जाते, म्हणून गडद त्वचेला ते अधिक सुरक्षित असते. काही ठिकाणी 'लेसर' म्हणून जे केले जाते ते लेसर नसतेच. तो आयपीएल नावाचा अनेक तरंगलांबींचा तीव्र प्रकाशझोत असतो. गडद त्वचेवर तो नवख्या हातात गेला तर चेहऱ्यावर चौकोनी डाग उमटतात. आम्ही असे दोन चेहरे पाहिले आहेत. डाग जाण्यास वर्ष लागले.

आपल्या मनात लगेच अग्निकर्माशी तुलना येते, आणि ती थोडी ताणून पाहण्यासारखी आहे. सुश्रुताचार्यांनी दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले. अग्निकर्मात सम्यग्दग्ध त्वचा हे साध्य असते. लेसरमध्ये त्वचेवर सम्यग्दग्धाचे लक्षणही उमटता कामा नये. उष्णता फक्त केसाच्या मुळाशी हवी. केसाभोवती किंचित लाली व सूज, म्हणजे फार तर प्लुष्टाची छटा, अपेक्षित आहे व ती काही तासांत ओसरते. फोड आला, म्हणजे दुर्दग्ध झाले, की मात्रा चुकली असे समजावे. म्हणूनच पहिली बैठक घेण्यापूर्वी कानामागे वा जबड्याखाली लहानशा जागेवर चाचणी घेऊन काही दिवस वाट पाहणारे केंद्र चांगले. आल्या दिवशीच पूर्ण चेहऱ्यावर यंत्र फिरविणाऱ्या केंद्रातून परत यावे.

आणखी एक विचित्र गोष्ट आहे जी पॅकेज विकणारे सहसा सांगत नाहीत. काही रुग्णांत लेसरनंतर केस कमी न होता वाढतात, आणि उपचार केलेल्या जागेच्या कडेला जेथे पूर्वी लव होती तेथे राठ केस येतात. हा विपरीत परिणाम चेहऱ्यावर व गळ्यावर, गडद त्वचेच्या आणि संप्रेरकदोष असलेल्या स्त्रियांत अधिक आढळतो. दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांचा त्यात विशेष उल्लेख येतो. निरनिराळ्या अहवालांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून कमी ते दहापर्यंत दिले आहे. अपुऱ्या मात्रेची उष्णता मूळ मारण्याऐवजी चेतविते, असे त्याचे एक कारण मानले जाते. व्यवहारातील निष्कर्ष सोपा आहे : गालावरच्या बारीक लवेला लेसर लावू नये. जाड, काळे, मोजता येतील असे केस हेच त्याचे क्षेत्र.

भुवया व डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर कधीही नको, बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तीळ आणि गोंदण यांवरही नको. गर्भिणीने ते पुढे ढकलावे. ओठाभोवती वारंवार नागीण उठणाऱ्यांनी तसे आधी सांगावे.

आपली औषधे आणि लेसर

हा भाग आपल्याखेरीज कोणी लिहिणार नाही, म्हणून थोडा विस्ताराने.

बाकुचीतील सोरालेन द्रव्ये अतिनील किरणांना त्वचा संवेदनशील करतात. केस काढण्याच्या लेसरची तरंगलांबी त्या पट्ट्यात येत नाही, त्यामुळे बाकुची व लेसर यांची थेट प्रतिक्रिया होते असे म्हणणे अचूक नाही. पण बाकुची घेणारी रुग्णा उन्हात गेली की त्वचा लवकर काळवंडते व लाल होते, आणि काळवंडलेल्या व क्षुब्ध त्वचेवर लेसर म्हणजे भाजण्यास निमंत्रण. म्हणून बाकुचीचे कल्प चालू असताना त्वचा पूर्ववत होईपर्यंत लेसर पुढे ढकलावे. श्वित्राच्या रुग्णेच्या बाबतीत आणखी एक विचार हवा : त्वचेला इजा झाली की तेथे नवा डाग उमटू शकतो. अशा रुग्णेला आम्ही लेसरचा सल्ला देत नाही. भल्लातकाचा त्वचेशी संपर्क आला असेल तर त्याचा दाह व डाग पूर्ण शमू द्यावा. आमवातासाठी सुवर्णक्षारांची इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांत काही प्रकारच्या लेसरनंतर निळसर-करडे डाग पडल्याचे वृत्त आहे. म्हणून आपल्याकडे सुवर्णकल्प घेणाऱ्या रुग्णेने तसे लेसर करणाऱ्यास सांगावे, आणि चिठ्ठीत ते आपण लिहून द्यावे.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी सहा महिने लेसर करू नये असे पूर्वी सरसकट सांगत. २०१७ मध्ये अमेरिकेतील त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने पुराव्यांचा आढावा घेऊन केस काढण्याच्या लेसरसाठी एवढे थांबण्यास पुरेसा आधार नाही असे म्हटले. तरीही निर्णय उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचा असावा.

बैठकीच्या दिवशी चेहऱ्यावर तेल, काजळ, उटणे काहीही नको. बैठकीनंतर पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या घड्या पुरेत. शतधौत घृत उत्तम खरे, पण तापलेल्या त्वचेवर लगेच स्निग्ध थर देऊन उष्णता कोंडू नये. दुसऱ्या दिवसापासून कोरफडीचा ताजा गर किंवा शतधौत घृत द्यावे, आणि दोन आठवडे ऊन कटाक्षाने टाळावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

चेहऱ्यावर अचानक लव वाढलेली तरुणी आली की आम्ही आता तिला घरातील सर्व क्रीम पिशवीत घालून आणण्यास सांगतो. त्या पिशवीत बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली, गोरेपणासाठी शेजारणीने सुचविलेली एखादी ट्यूब निघते. अशा क्रीमने प्रथम चेहरा उजळतो, मग पातळ होतो, लाल होतो आणि त्यावर केस वाढतात. २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये आणली गेली, म्हणजे ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. काउंटरवरून 'एक ट्यूब द्या' म्हणताच ती देणारा विक्रेता त्या मुलीच्या पुढच्या सहा लेसर बैठकींचे गिऱ्हाईक तयार करीत असतो. त्याला ते कधी कळतही नाही.

क्रीमवाल्यांना बोल लावताना आपल्या घरातही पाहावे. सांधेदुखी व दम्यावर तीन दिवसांत गुण देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या आपल्यापैकी काहींच्या हातून खपतात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड झाली आहेत. गोल झालेला चेहरा आणि त्यावरची वाढलेली लव घेऊन येणाऱ्या रुग्णेला 'आयुर्वेदिक औषधच घेत होते' असे सांगताना ऐकणे फार जड जाते. लेबल, परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नसलेले चूर्ण आपल्या कपाटात असू नये.

आता त्या मुलीकडे वळतो. तपासणीसाठी तिला एकटीला आत घेतले आणि विचारले, "तुला स्वतःला कुठले केस खुपतात?" तिने हनुवटीकडे बोट दाखविले. हातापायांचे काय, असे विचारताच ती म्हणाली, "ते आईला वाटतं. मला काही नाही." पाळी पंचेचाळीस ते साठ दिवसांनी येत होती. सोनोग्राफी व रक्ततपासणीत बीजग्रंथींचा विकार निघाला. टेस्टोस्टेरॉन किंचित वाढलेले होते, धोक्याचे काही नव्हते. आईला आम्ही सांगितले, "ताई, हातापायांवर लव आहे, रोग नाही. त्याचं पॅकेज नको. हनुवटीचं करू, पण लग्नाआधी सगळं संपेल असं धरून चालू नका." वैशाखापर्यंत तीन, फार तर चार बैठकी बसत होत्या. शेवटची बैठक हळदीच्या किमान महिनाभर आधी उरकावी, म्हणजे चुकून डाग उठलाच तर सावरण्यास अवधी मिळेल, असे ठरले.

तिला आम्ही एनडी-याग यंत्र असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले. पैसे प्रत्येक बैठकीला द्यायचे, एकदम नाही, असे आईला बजावले. सोबत दिलेल्या चिठ्ठीत निदान, तपासण्यांचे निष्कर्ष, आम्ही देत असलेली औषधे नावासह, आणि 'फक्त हनुवटी व जबड्याची कड, गालावरची लव वगळावी, आधी चाचणी घ्यावी' अशी विनंती लिहिली. तज्ज्ञांनी फोन करून औषधांतील एका गुग्गुळ कल्पाविषयी विचारले. इतक्या वर्षांत त्वचारोगतज्ज्ञाकडून असा फोन आम्हाला प्रथमच आला.

चौथ्या बैठकीनंतर, लग्नाच्या पंधरा दिवस आधी ती औषध घेण्यास आली होती. हनुवटीवर काही केस होते, पूर्वीच्या निम्म्याहून कमी व मऊ. पाळी त्या वेळी चौतीस दिवसांनी आली होती. लग्नानंतर सासर नाशिकला, म्हणून उरलेल्या बैठकींसाठी व औषधासाठी तेथील दोन व्यवसायबंधूंच्या नावे आम्ही आणखी दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या.